तळाशी छप्पन्न अंश

लोणावळ्यात चहाचं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, मुंबईत १०० ला. घाटावर हवेचा दाब कमी, म्हणून. दाब आणि तापमानाचा हा गुंता समुद्राच्या तळाशी फारच वाढतो.

लोणावळ्यातली आयएनएस शिवाजी १९४५ पासून नौदलाचे इंजिनियर घडवते आहे. याच नौदलाची आयएनएस किस्तना (म्हणजे आपली कृष्णाच, साहेबाच्या स्पेलिंगमधली!) १९५९ ते ६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत होती. ती फिरली अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात. मोहिमेतली सगळ्यात अजब नोंद मात्र तांबड्या समुद्रातली. १९६४ साली ब्रिटिश 'डिस्कव्हरी'ला तिथे दोनेक हजार मीटर खाली ४४ अंशांचं पाणी सापडलं. वरचं पाणी जेमतेम २२! १९६५ मध्ये अमेरिकन 'अटलांटिस २' ला शेजारच्या खळग्यात ५६ अंश मिळाले. मीठ किलोमागे अडीचशे ग्रॅमच्या वर, साध्या समुद्रात ३५. इतकं जड पाणी गरम असूनही वर येत नाही.

आता हे मोजलं कसं? साधा थर्मामीटर वर खेचेपर्यंत वाटेतल्या पाण्याचा आकडा दाखवू लागतो. म्हणून १८७४ मध्ये लंडनच्या नेग्रेटी आणि झांब्रा कंपनीने उलटा होणारा थर्मामीटर काढला. खाली गेल्यावर तो फिरवायचा, पारा बारीक गळ्याशी तुटतो, आकडा 'सेव्ह'. दाब लागू नये म्हणून त्याला जाड काचेचं कवच. शेजारी एक मुद्दाम बिनकवचाचा. तो दर शंभर मीटरला सुमारे एक अंश जास्त दाखवतो, आणि दोघांतल्या फरकावरून खोली काढतात. बगचं फीचर म्हणतात ते हेच.

पण खाऱ्या खळग्यात हे गणित बिघडतं. तिथलं पाणी सुमारे १.२ पट घनतेचं, म्हणजे तेवढ्याच खोलीला दाब जास्त. शिवाय डेकवर आणल्यावर तुटलेला पारा हवेप्रमाणे फुगतो, त्याची दुरुस्ती करावी लागते. एरवी डेक गरम, तळ थंड. इथे उलट, त्यामुळे दुरुस्तीचं चिन्हच बदलतं. विसरलात तर ०.०२ अंशाची अचूकता गेली पाण्यात.

एवढा कीस पाडायचं कारण, १९४८ साली स्वीडनच्या 'अल्बाट्रॉस'लाही तिथे जरा गरम, खारट पाणी लागलं होतं, पण तेव्हा ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही. ६५ चे आकडे पक्के होते, म्हणूनच पुढची वाढ खरी धरता आली. १९७१ ला ५९, नव्वदच्या दशकात ६६, २००८ ला ६८. म्हणजे तळातून उष्णता येतच होती.