जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर सुरू होतो, पण आवाज येत नाही. आधी काय तपासायचं?

माळ्यावरून जुना ॲम्प्लिफायर खाली काढला. धूळ पुसली, स्पीकर जोडले, बटण दाबलं. समोरचा दिवा लागला. आता गाणं लागणार म्हणून घरातले सगळे गोळा झाले आणि आवाजच नाही.

अशा वेळी घरात दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे 'भंगारात देऊन टाक' आणि दुसरा 'उघडून बघ की'. दोन्ही सल्ले घाईचे आहेत. पहिल्यात एक चांगली वस्तू किलोच्या भावात जाते. दुसऱ्यात जोरदार शॉक बसू शकतो.

खरं तर आवाज न येण्याची बरीच कारणं ॲम्प्लिफायरच्या बाहेरच सापडतात. चुकीचं दाबलेलं बटण, तुटलेली वायर, काळा पडलेला स्विच. ती झाकण न उघडता शोधता येतात. फक्त तपासणीचा क्रम बरोबर हवा.

प्लग लावण्याआधी मागची पाटी वाचा

हा सेट कुठल्या देशासाठी बनवला होता, हे आधी बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकातले सॅन्सुई, पायोनियर, मरांट्झ असे अनेक सेट परदेशातून आणलेले असतात. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची असते, अमेरिकेत 120 व्होल्टची आणि आपल्याकडे 230 व्होल्टची. 100 व्होल्टचा सेट थेट आपल्या सॉकेटमध्ये लावला, तर फ्यूज उडेल किंवा ट्रान्सफॉर्मर जळेल.

काही सेटच्या मागे व्होल्टेज निवडायची सोय असते. ती 220, 230 किंवा 240 वर आहे का, ते बघा. तशी सोय नसेल आणि पाटीवर 100 किंवा 120 लिहिलं असेल, तर योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

अनेक वर्षं बंद असलेला सेट पहिल्यांदा 'सिरीज बोर्ड'वर लावणं चांगलं. यात सेटला जाणारी वीज आधी एका 60 ते 100 वॉटच्या जुन्या, तारेच्या बल्बमधून जाते. एलईडी बल्ब इथे चालत नाही. सेट सुरू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर मोठा शॉर्ट नसण्याची शक्यता जास्त. बल्ब लखलखीत पेटलेलाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. सेट लगेच बंद करा. हा बोर्ड स्वतः जोडत बसू नका, इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

दिवाच लागत नसेल तर?

सॉकेटमध्ये वीज आहे का, ते दुसरं उपकरण लावून बघा. मग प्लग काढून सेटच्या मागचा फ्यूज तपासा. तो उडालेला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा नवीन फ्यूज लावा. नवीन फ्यूजही उडाला, तर तिथेच थांबा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

'टक' असा आवाज येतो का?

साधारण सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून अनेक ॲम्प्लिफायरमध्ये प्रोटेक्शन रिले असतो. सेट सुरू केल्यावर काही सेकंदांनी 'टक' असा आवाज येतो आणि मगच स्पीकर जोडले जातात. आत बिघाड असेल, तर रिले स्पीकर जोडतच नाही. त्यामुळे दिवा लागतो, पण आवाज येत नाही.

'टक' आला, तर प्रोटेक्शनने सेट अडवलेला नाही. रिले असलेल्या सेटमध्ये 'टक' आला नाही, तर सेट बंद करून स्पीकरच्या वायरी काढा आणि पुन्हा सुरू करा. आता 'टक' झाला, तर स्पीकर किंवा त्याच्या वायरी शॉर्ट असू शकतात. तरीही झाला नाही, तर दोष आत आहे. ही परीक्षा सिरीज बोर्डवर करू नका. तिथे वीज कमी मिळते, त्यामुळे चांगल्या सेटचा रिलेही कधी कधी लागत नाही. आणि रिले नसलेल्या सेटमध्ये 'टक'ची वाट बघण्यात अर्थ नाही.

आवाज अडवणारी पाच ठिकाणं

आवाजाचा रस्ता असा असतो: मोबाइल किंवा रेकॉर्ड प्लेयर, मग वायर, मग निवडीचं बटण, मग ॲम्प्लिफायर, मग स्पीकरचा स्विच आणि शेवटी स्पीकर. याच रस्त्याने एकेक ठिकाण तपासा.

1. टेप मॉनिटर: हे बटण दाबलेलं असेल, तर ॲम्प्लिफायर टेप डेककडून आवाजाची वाट बघतो. डेक जोडलेलाच नसेल, तर शांतता. हे बटण बाहेर असायला हवं.

2. स्पीकर ए आणि बी: स्विच फक्त 'ए'वर ठेवा आणि स्पीकरही 'ए'लाच जोडा. काही सेटमध्ये 'ए अधिक बी' निवडलं, की दोन्ही जोड्या एकामागोमाग म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या जातात. 'बी'ला काहीच नसेल, तर 'ए'चाही आवाज बंद होतो.

3. मागच्या पट्ट्या: काही सेटच्या मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' अशी भोकं असतात आणि ती यू आकाराच्या धातूच्या पट्ट्यांनी जोडलेली असतात. या पट्ट्या हरवल्या असतील, तर आवाज अर्ध्या वाटेवरच थांबतो. काही सेटमध्ये या जोडणीसाठी वेगळा स्विचही असतो.

4. फोनो आणि ऑक्स: तपासणीसाठी मोबाइल 'ऑक्स'ला जोडा, 'फोनो'ला नको. रेकॉर्ड प्लेयरच्या मॅग्नेटिक काट्यातून जेमतेम काही मिलिव्होल्टचा सिग्नल येतो, म्हणून 'फोनो'मध्ये तो आधी खूप वाढवला जातो. मोबाइल तिथे लावला तर आवाज फाटतो. उलट असा रेकॉर्ड प्लेयर 'ऑक्स'ला लावला, तर आवाज जवळपास ऐकूच येत नाही.

5. गोल डिन सॉकेट: जुन्या युरोपीय आणि भारतीय सेटना पाच पिनांचं गोल सॉकेट असतं. सेटच्या आत येणारा आवाज साधारणपणे पिन 3 आणि 5 वर येतो. पिन 1 आणि 4 रेकॉर्डिंगसाठी असतात. त्या पिनांवर जोडलेली वायर घेतली, तर सगळं ठीक असूनही आवाज येणार नाही.

दोष स्पीकरमध्ये आहे का?

स्पीकर ॲम्प्लिफायरपासून पूर्ण वेगळा करा. दीड व्होल्टच्या साध्या सेलची दोन टोकं त्याच्या दोन वायरींना क्षणभर लावा. 'खट्ट' असा आवाज आला, तर स्पीकरची कॉइल शाबूत आहे.

समोर हेडफोनचं मोठं भोक असेल, तर हेडफोन लावूनही बघा. आधी आवाजाची खुंटी अगदी कमी ठेवा. हेडफोनमध्ये गाणं नीट ऐकू आलं, तर ॲम्प्लिफायरचा बराचसा भाग चांगला आहे. मग स्पीकरचा स्विच, रिले किंवा वायरी यांच्यावर संशय घ्या.

एकाच बाजूचा आवाज जात असेल, तर अदलाबदल करा. सेट बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी बदला. शांतता स्पीकरबरोबर दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. ती ॲम्प्लिफायरच्या त्याच बाजूला राहिली, तर मोबाइलकडून येणाऱ्या वायरी बदला. आता शांतता बाजू बदलते का ते पाहा. बदलली तर दोष मोबाइलचा किंवा वायरीचा, नाही बदलली तर ॲम्प्लिफायरचा.

काळे पडलेले स्विच

वर्षानुवर्षं न हललेल्या स्विचवर काळा थर जमतो आणि आवाज अडतो. प्लग काढा आणि प्रत्येक बटण, प्रत्येक खुंटी वीस-तीस वेळा फिरवा, दाबा. एवढ्यानेही काही सेट बोलायला लागतात. आवाज खरखरत येत असेल, तर आतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारावा लागतो. गंज काढायचा साधा स्प्रे किंवा शिलाई मशीनचं तेल वापरू नका.

कुठे थांबायचं?

आत मोठे कॅपॅसिटर असतात. प्लग काढल्यावरही त्यांच्यात वीज साठून राहू शकते. शिवाय ट्रान्सफॉर्मर आणि मेन स्विचजवळ थेट 230 व्होल्ट असतात. त्यामुळे मल्टिमीटर वापरता येत नसेल, तर झाकण उघडू नका.

वापरता येत असेल, तर एक मोजणी बाहेरूनच करता येते. स्पीकर काढा, आवाज शून्यावर ठेवा आणि स्पीकरच्या जोडणीवर डीसी व्होल्टेज मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. काही व्होल्ट दिसले, तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असू शकतो. असा सेट स्पीकरला जोडला, तर स्पीकरची कॉइल जळते. म्हणूनच पहिल्या चाचण्यांसाठी स्वस्तातला जुना स्पीकर वापरा. फक्त लक्षात ठेवा, रिले उघडाच असेल तर बाहेर शून्यच दिसेल आणि त्यावरून काही ठरवता येणार नाही.

इथून पुढचं काम कारागिराचं. त्याच्याकडे जाताना मॉडेल नंबर आणि तुम्ही केलेल्या तपासण्या कागदावर लिहून न्या. 'टक' येतो का, हेडफोनला आवाज आहे का, कुठली बाजू बंद आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली हे सुट्या भागांचे जुने बाजार आहेत. ट्रान्झिस्टर, कॅपॅसिटर, रिले हे भाग किंवा त्यांचे पर्याय आजही मिळतात. खास त्या मॉडेलसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर जळाला, तर मात्र तसाच दुसरा मिळणं अवघड असतं. म्हणून प्लग लावण्याआधी मागची पाटी वाचायची.