हिरड्यांच्या रोगाचे कारण : २८२ वर्षांची कथा

१/ इ.स. १६८३. डेल्फ्टचे कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक रोज मिठाने दात घासत. तरीही दातांच्या फटींत पांढरा, भिजवलेल्या पिठासारखा थर उरे. तो त्यांनी पावसाच्या पाण्यात कालवला व स्वतः घडवलेल्या भिंगातून पाहिला. त्यात असंख्य जीव वळवळत होते.

२/ हे त्यांनी पत्राने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. जीव दिसले, परंतु हिरड्यांच्या रोगाशी त्यांचा संबंध सिद्ध व्हायचा होता.

३/ १९६५ साली डेन्मार्कमधील ऑरहूस येथील हाराल्ड लो व सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे थांबवले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला. स्वच्छता पुन्हा सुरू होताच, सुमारे आठवडाभरात तो ओसरला.

४/ रक्त येते म्हणून अनेक जण तेथे ब्रश फिरवणेच टाळतात आणि थर वाढू देतात. हा प्रयोग नेमके उलट सांगतो. दाह परतवता येतो. दुर्लक्षामुळे दाताभोवतीचे हाड झिजले, तर ते आपोआप भरून येत नाही.