न उतरणारा मुखवटा : ललिता पवार यांच्या निमित्ताने

आमच्या जव्हार-मोखाड्यात होळीनंतर बोहाड्याचे दिवस येतात. संबळ वाजू लागतो, टेंभे पेटतात आणि रात्रभर एकामागून एक सोंगे निघतात. गणपती, सरस्वती, रावण, त्राटिका. मुखवटा चढला की आमचा माणूस देव होतो, राक्षस होतो. पहाटे तो मुखवटा उतरवतो आणि कामाला लागतो. रावणाचे सोंग घेतले म्हणून त्याला पाड्यावर कोणी रावण म्हणत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दूरदर्शनने रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका पुन्हा दाखवली. १९८७-८८ मध्ये ती प्रथम आली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी आईशेजारी बसून ती पाहत होतो. मंथरा पडद्यावर आली आणि आई म्हणाली, "हिचा डोळा खराच तसा हाय. ह्ये सोंग नाय." माझ्या आईने शाळेचे तोंड पाहिलेले नाही. पण वीटभट्टीवर तिची दोन बोटे चिरडली होती आणि मालकाने "तुझंच लक्ष नव्हतं" म्हणून तिला वाटेला लावले होते. कामावर मोडलेले शरीर तिला ओळखता येते. मी पदवीधर असून मला ते दिसले नव्हते.

मंथरेच्या भूमिकेत होत्या ललिता पवार. मूळ नाव अंबा. १९१६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील येवल्यात त्यांचा जन्म झाला. याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. तोवर येवल्याची ही मुलगी मूकपटांतून बोलपटात आली होती. १९२८ च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात बालकलाकार म्हणून सुरुवात, पुढे नायिका, १९३२ च्या 'कैलाश'ची सहनिर्मितीही. त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या समाजात पडद्यावर येणारी स्त्री बदनाम ठरत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या वाटचालीचे मोल कळते.

१९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात एका प्रसंगात भगवान यांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. वय सव्वीस. दीर्घ उपचार झाले, पण नायिकेचे दार बंद झाले. या घटनेला चित्रपटसृष्टीच्या गप्पांत 'नशीब' म्हणतात. मी तिला कामाच्या ठिकाणचा अपघात म्हणतो. गिरणीत हात गेला तर आपण नशीब म्हणून गप्प बसतो काय?

ललिताबाई थांबल्या नाहीत. 'रामशास्त्री' (१९४४) मध्ये त्यांनी आनंदीबाई उभी केली. 'दहेज' (१९५०) मध्ये त्या छळ करणारी सासू झाल्या आणि मग अर्धा मिटलेला तो डोळा दुष्टपणाची खूणच बनला. प्रश्न असा की, जखमी चेहरा दुष्टच असतो, हे पडद्याला कोणी शिकवले? जन्मावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या समाजाला चेहऱ्यावरून चारित्र्य ठरवणे जड जात नाही.

आता १९५५ चा 'मिस्टर अँड मिसेस ५५' पाहा. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हिंदू कोड बिलाची अडवणूक हे एक मोठे कारण होते. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाचा हक्क दिला. त्याच वर्षीच्या या चित्रपटात घटस्फोटाच्या कायद्याची बाजू घेणारी, स्त्रियांची पुढारी सीतादेवी ही हेकट आणि पुरुषद्वेष्टी दाखवली आहे. ती भूमिका ललिता पवारांकडे आली. गुरुदत्त यांचे दिग्दर्शन मोठे, चित्रपट हसवणारा. पण हसू कोणावर आहे, हे आपण विचारले पाहिजे. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी सत्ता सोडली, तो हक्क मागणारी स्त्री इथे टवाळीचा विषय झाली.

तरी या बाईने साच्याला तडे दिले. 'श्री ४२०' (१९५५) मधील केळी विकणारी गंगामाई आणि 'अनाडी' (१९५९) मधील मिसेस डिसा आठवा. तोच डोळा, तोच चेहरा. पण आता त्यात माया आहे. 'अनाडी'साठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान. म्हणजे दोष चेहऱ्यात नव्हताच, भूमिका वाटणाऱ्यांच्या नजरेत होता.

आणि अखेर मंथरा. वर मागितले कैकेयीने, दिले दशरथाने. पण शिव्याशाप दासीच्या वाट्याला. वाल्मीकी रामायणात शत्रुघ्न कुबड्या मंथरेला फरफटत नेतो, राणी मात्र सुटते. राजवाड्याचे पाप मोलकरणीच्या पाठीवर लादायचे, ही रीत जुनी आहे. सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाईंनी ही दासी अशी वठवली की घराघरांत त्यांचे दुसरे नाव मंथरा पडले. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मुखवटा तेव्हाही उतरला नव्हता.

मी वर्गात हा इतिहास सांगतो तेव्हा मुलांना बोहाड्याची आठवण देतो. सोंग घेणाऱ्याला सोंग उतरवता आले पाहिजे, एवढी माणुसकी आमच्या पाड्यांना कळते. ज्यांच्या हाती पडदा होता, त्यांना ती कळली नाही.