गणवेशावाचून लढलेल्यांचे पदक

रणांगणावरील शौर्याचा गौरव करणे राजसत्तांस फारसे अवघड जात नाही. शिपायाचे नाव पलटणीच्या पटावर असते, त्याचा पराक्रम पाहणारा अधिकारी असतो, आणि पदक लावावयास गणवेशाची छाती तयार असते. परंतु ज्याचे नाव कोणत्याच पटावर नाही, आणि ज्याचे कृत्य वेळीच कोणाच्या दृष्टीस पडते तर त्याचा प्राणच गेला असता, अशा साध्या नागरिकाचा सत्कार कोणी आणि कसा करावा? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन सरकारपुढे हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचे उत्तर म्हणून ‘मेडल ऑफ फ्रीडम’, आपण त्यास स्वातंत्र्यपदक म्हणू, अस्तित्वात आले. या नावाशी मिळतेजुळते एक पदक आज जगभर गाजते. त्यामागचे हे मूळ पदक मात्र विस्मृतीत गेले आहे.

अध्यक्ष ट्रूमन यांनी ६ जुलै १९४५ रोजी आज्ञापत्र काढून हे पदक स्थापिले. जर्मनी शरण आली होती. जपान अद्याप लढत होता. नागरिकांसाठी ‘मेडल फॉर मेरिट’ हे दुसरे पदक १९४२ पासून कायद्याने होतेच. अणुबाँबचे शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांस १९४६ मध्ये तेच मिळाले. नव्या पदकाच्या अटी वाचल्या म्हणजे त्याचा रोख निराळा होता हे ध्यानी येते. ७ डिसेंबर १९४१, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याचा दिवस, किंवा त्यानंतर ज्याने अमेरिकेस वा तिच्या मित्रराष्ट्रांस युद्धात साहाय्य केले, त्यास ते द्यावे. अमेरिकन सैनिकास देऊ नये. अमेरिकन नागरिकास स्वदेशाच्या मुख्य भूमीवर केलेल्या कामाबद्दल देऊ नये. आणि दुसरे कोणतेही पदक उचित नसेल तेव्हाच द्यावे. इतक्या नकारांनंतर उरतो कोण? शत्रूने व्यापलेल्या मुलखात राहणारा परका मनुष्य. त्याच्या पदकावर सुवर्ण, रौप्य अथवा कांस्य ताडपत्राचे चिन्ह लावून धैर्याची प्रतवारीही सरकारने ठरविली. कोणते धैर्य सोन्याचे आणि कोणते चांदीचे, हे कोणत्या तराजूवर तोलले असेल ते कारकुनांसच ठाऊक!

पदकाच्या दर्शनी बाजूस वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवरील स्वातंत्र्यदेवतेची मुद्रा होती. १८६३ साली घुमटावर चढविलेल्या या पुतळ्याच्या घडणीत फिलिप रीड नावाच्या एका गुलामाचे हात लागले होते. पुतळा घुमटावर चढण्यापूर्वी, १८६२ मध्ये, तो मुक्त झाला, हे त्यातल्या त्यात बरे.

सुवर्ण ताडपत्रासह हे पदक मिळविणाऱ्यांत ब्रसेल्सची आंद्रे द योंग ही तरुणी होती. पाडलेल्या विमानांतील वैमानिकांस बेल्जममधून फ्रान्समार्गे, पिरेनीज पर्वत रात्री ओलांडून स्पेनमध्ये पोचविणारी एक गुप्त साखळी तिने उभारली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ती बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत येऊन उभी राहिली, तेव्हा ही किरकोळ देहाची मुलगी डोंगर ओलांडून माणसे घेऊन आली, यावर वकिलाचा विश्वास बसेना. जानेवारी १९४३ मध्ये ती पकडली गेली. या साखळीची प्रमुख मीच, असे तिने कबूल केले, तर ते जर्मनांसही खरे वाटले नाही! त्या अविश्वासानेच तिचा जीव वाचला असावा. तिच्या वडिलांस मात्र गोळ्या घालण्यात आल्या. रावेन्सब्रुक व माउटहाउझेन येथील छळछावण्यांतून ती जिवंत परतली आणि पुढे आफ्रिकेत कुष्ठरोग्यांची परिचारिका झाली.

त्याच रोगाने ग्रासलेली एक स्त्री पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास हेच पदक मिळविणार होती. मनिलाच्या होसेफिना गेरेरो या एका डॉक्टरच्या पत्नी. कुष्ठरोग जडल्यावर त्यांचा संसार मोडला, लहान मुलगी दुरावली. आपल्याकडे ज्यास महारोग म्हणत, त्याची घृणा तिकडेही कमी नव्हती. पण या घृणेचेच त्यांनी शस्त्र केले. अंगावरील व्रण पाहून जपानी पहारेकरी झडती घेण्यास धजत नसत, म्हणून गनिमी तुकड्यांचे निरोप त्या नेऊ लागल्या. १९४५ च्या आरंभी अमेरिकन फौज मनिलाकडे येत असता, वाटेवर पेरलेल्या सुरुंगांचा नकाशा पाठीस बांधून, ज्वर व वेदना सोशीत त्या जपानी फळीतून मैलोगणती पायी गेल्या आणि तो त्यांनी त्या फौजेच्या हाती दिला.

१९४८ मध्ये रौप्य ताडपत्रासह त्यांस स्वातंत्र्यपदक मिळाले. आता उपचारांसाठी अमेरिकेत जावयाचे, तर कुष्ठरोगी परकीयास त्या देशात प्रवेश नव्हता. ज्या सरकारने पदक दिले, त्याच्याच कायद्याने दार बंद केलेले! अखेर अ‍ॅटर्नी जनरल टॉम क्लार्क यांनी अपवाद केला आणि लुइझियानातील कारव्हिलच्या रुग्णालयात त्यांची सोय झाली. बऱ्या होऊन त्या बाहेर पडल्या, तरी नागरिकत्व मिळेपर्यंत आणखी बरीच वर्षे गेली. पदक हे कृत्याची नोंद करते. मनुष्याचा स्वीकार करतेच असे नाही. हे आपणांस नवे नाही. बोअर व झुलू युद्धांत जखमींची शुश्रूषा केल्याबद्दल मिळालेली पदके आणि त्यांबरोबर कैसर-इ-हिंद हे सुवर्णपदक गांधीजींनी ऑगस्ट १९२० मध्ये परत केले, तेव्हा त्यांचाही प्रश्न पदकाविषयी नव्हता, देणाऱ्याविषयी होता.

१९६३ च्या २२ फेब्रुवारीस अध्यक्ष केनेडी यांनी नवे आज्ञापत्र काढून या पदकाचे ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ असे रूपांतर केले. राष्ट्राची सुरक्षितता, जागतिक शांतता, संस्कृती वा अन्य सार्वजनिक कार्य, यांपैकी कशासाठीही ते आता देता येई. केनेडींचा वध झाल्यावर ६ डिसेंबर रोजी अध्यक्ष जॉन्सन यांच्या हस्ते पहिला समारंभ झाला. गायिका मॅरियन अँडरसन, वादक पाब्लो कासाल्स, नाटककार थॉर्न्टन वाइल्डर आदींस ती पदके मिळाली. यादी थोरामोठ्यांची होती, यात शंका नाही. पण ज्यांची कीर्ती आधीच पसरलेली आहे, त्यांच्या गळ्यात आणखी एक पदक घालणे, आणि ज्यांचे नावच लपविणे भाग होते, त्यांस हुडकून काढणे, ही दोन कामे भिन्न आहेत. नाव तेच राहिले, पहिले काम आले आणि दुसरे संपले. मला तरी हा बदल उणा वाटतो.

१९८५ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी मदर तेरेसा यांस हे पदक दिले, तेव्हा कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या त्या हातांचे चित्र वृत्तपत्रांतून सर्वत्र गेले. गेरेरोबाई त्या वेळी हयात होत्या. आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी वॉशिंग्टनमध्येच, दुसरे आडनाव घेऊन काढली. युद्धाविषयी त्या बोलत नसत, पदकाविषयीही नाही. १९९६ मध्ये त्या वारल्या.