मिलोची भाकर

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या, ज्वारी करपली. आई-दादा पाझर तलावाच्या कामावर माती वाहायचे. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. पिठाला चिकटपणाच नसायचा. आई आधणाच्या पाण्यात मळायची, तरी थापताना भाकर चिरायची. एकदा मी ताट सारलं, ‘‘असली तांबडी भाकर मला नको.’’ आईनं ती झाकून ठेवली अन् रात्री मलाच दिली. तू काय खाल्लंस, हे मी विचारलं नाही.

पुढं १९७७ साली राज्यानं रोजगार हमीचा कायदा केला. पण आईच्या चुलीपुढच्या कामाची हजेरी कुठल्याच मस्टरवर लागली नाही.

गेल्या उन्हाळ्यात कारभारणीचा हात मोडला, अन् चूल माझ्याकडं आली. घरची मालदांडी असूनही माझी भाकर चिरली. साठ वर्षं खाल्ली, पण थापायला हात बसेना. कारभारणीनं ती कालवणात कुस्करून निमूट खाल्ली.

शेत पिकवलं म्हणजे घर पोसलं, असं मी समजत होतो. आईला हे सांगायचं राहिलं. कारभारणीला मात्र सांगितलं. ती म्हणाली, ‘‘उद्या पाणी जरा कडक घ्या.’’