विळी आणि विजेची सुरी

पाश्चात्त्य देशांत १९६० नंतरच्या दशकात विजेची सुरी घरोघर पोचू लागली. तिची दोन दातेरी पाती एकमेकांस लागून उलटसुलट सरकतात. हाताने केवळ दिशा द्यावयाची. मेजावर भाजलेले मांस सर्वांसमक्ष कापून वाढण्याचा तिकडील रिवाज जुना, आणि ही सुरी त्यासाठीच घडविलेली. हे ध्यानी घेतल्यावाचून ती आपण घ्यावी की नाही, याचा निकाल लागावयाचा नाही.

विळीचा न्याय नेमका उलट. पाते स्थिर, फळभाजी हलती. पाटावर पाय दाबून बसणारीचे दोन्ही हात मोकळे राहतात, आणि टोकाची खवणी नारळही खवून देते. गोमंतकात ती आदोळी, बंगाल्यात बोंटी, कर्नाटकात ईळिगेमणे. माळव्यात पवारांच्या धार-देवास संस्थानांत स्थिरावलेल्या मराठी घरांचीही स्वयंपाकाची बैठक जमिनीवरचीच.

विळीला हटविले ते सुरीने नव्हे, ओट्याने. १९५५ साली मुंबईत घरगुती गॅस विकावयास आला. पुढे तो जसजसा पसरला तसतशी चूल उंचावली, आणि बसणारी उभी राहिली.

नित्य पाव-केक कापणाऱ्याने विजेची सुरी खुशाल घ्यावी. मात्र कळ सोडताच थांबणारी पाहावी, आणि पाती काढण्यापूर्वी तिची तार भिंतीतून उपसावी. नारळापुढे ती निरुपयोगी. फणसाची गोष्ट तर सोडाच. तेथे हाताला नि पात्याला तेल चोपडून विळीच पुढे ओढावी लागते.