रविवारी सात ते दोन

मागच्या वर्षी कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये माझी साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाल्या, "रोज अर्धा तास चाला." आमच्या गल्लीतला फुटपाथ चाळीस पावलांवर डीपीपाशी संपतो आणि पुढे गाड्या लावलेल्या असतात. म्हणून मी स्कूटरने तीन किलोमीटर जिमला जाते आणि तिथे पैसे भरून ट्रेडमिलवर चालते. यातला विनोद कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

बाबा मात्र हसले नाहीत. मी शाळेत जाईपर्यंत ते सायकलनेच कामावर जायचे. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, त्या काळातली ही गोष्ट. "रस्ते तेच आहेत गं," ते म्हणाले. रस्ते तेच असतील तर बदललं काय? हे शोधता शोधता मी बोगोटाला पोचले. अर्थात लॅपटॉपवर.

बोगोटा ही कोलंबियाची राजधानी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर वसलेली. १५ डिसेंबर १९७४ रोजी तिथल्या काही तरुणांनी शहरातले मुख्य रस्ते काही तास मोटारींसाठी बंद करून घेतले आणि हजारो लोक सायकली घेऊन उतरले. हाइमे ओर्तिस मारिन्यो हे आर्किटेक्ट त्यांच्यातले एक. मोटारींनी शहर गिळायला सुरुवात केली आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणजे तो आधी निषेध होता. व्यायामाचं नाव नंतर आलं.

१९७६ साली महापौर लुइस प्रिएतो ओकाम्पो यांनी या प्रकाराला सरकारी आदेशाचा आधार दिला. 'सिक्लोविया' हे नाव रुळलं. १९८२ नंतर तिचं जाळं पन्नास किलोमीटरच्या पुढे गेलं, मग ओहोटी लागली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अंतानास मोकुस महापौर असताना ती शहराच्या क्रीडा विभागाकडे आली. विभागाची सूत्रं गिल पेन्यालोसा यांच्याकडे होती. रस्ते जोडले गेले, एरोबिक्सचे फुकट वर्ग सुरू झाले. आज शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन लोकांचे असतात.

यात नवीन बांधकाम जवळजवळ काहीच नाही. डांबर तेच, सिग्नल तेच. बॅरिकेड लागतात, स्वयंसेवक उभे राहतात, दोन वाजता सगळं उचललं जातं. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअरला हात न लावता फक्त वेळापत्रक बदललं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार बोगोटात याचा खर्च भाग घेणाऱ्या माणसामागे वर्षाला सुमारे सहा डॉलर येतो आणि खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे उपचारांवरचे तीन ते चार डॉलर वाचतात.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटली २००७ सालची घटना. वाहतूक कोंडी होते म्हणून एका खासदाराने सिक्लोवियावर गदा आणणारं विधेयक मांडलं. लोक चिडले, माजी महापौर त्यांच्या बाजूने उभे राहिले, विधेयक बारगळलं. तीस वर्षं दर रविवारी जो रस्ता आपला होता, तो लोक सहजासहजी कसा सोडतील?

भारतात हे लोण १७ नोव्हेंबर २०१३ रोजी गुरुग्रामच्या 'राहगिरी'तून आलं. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होऊ लागला आणि त्यासाठी लक्ष्मी रोडचा काही भाग गाड्यांना बंद झाला. चांगलंच आहे. पण वर्षातून एकदा आला तर तो सण होतो, दर आठवड्याला आला तरच सवय होते. अर्धा तास चालायला सांगणाऱ्या डॉक्टरांनाही सवयच हवी होती.

एका ११ डिसेंबरला मी बाबांना लक्ष्मी रोडवर घेऊन गेले. समोर रस्ता मोकळा होता, मुलं मधोमध पळत होती. बाबा मात्र दुकानांच्या कडेकडेने चालत होते आणि दर दहा पावलांनी मागे वळून बघत होते.

"बाबा, गाड्या नाहीयेत."

"माहितेय गं," ते म्हणाले आणि पुन्हा मागे बघितलं.

मधोमध यायला त्यांना बराच वेळ लागला. आले, हात मागे बांधून रमतगमत चालायला लागले, तेवढ्यात बंद भाग संपला. पुढच्या चौकात हॉर्न वाजत होते. बाबांनी माझा दंड धरला आणि आम्ही पुन्हा कडेला झालो.